साडेआठची गोळी

सिनेमातलं लहान मुलाचं आजारपण आठवून बघा. लाल दिवा लावलेलं ऑपरेशन थिएटर असतं, देवळातली घंटा असते, चष्मा काढून मान हलवणारे डॉक्टर असतात. मग एकदम काहीतरी घडतं आणि पोरगं डोळे उघडतं. दि एन्ड!

आमच्या घरी गेलं वर्षभर रोज रात्री साडेआठला जे घडतं त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. ५० मिलिग्रॅमची एक फिकट पिवळी गोळी. डॉक्टर सांगतील तशी कधी एक, कधी अर्धी. नाव मर्कॅप्टोप्युरीन.

माझी लेक आता पाच वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची असताना तिला ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मुलांच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा हाच, आणि दोन ते पाच या वयात तर सर्वाधिक. पहिले सात-आठ महिने तुम्ही कल्पना करता तसेच गेले. सलाईन, पाठीच्या मणक्यात सुई, गेलेले केस, स्टेरॉइडमुळे पहाटे तीनला "बाबा, वरणभात दे" म्हणून रडारड. ताप १००.४ झाला की बॅग उचलून थेट हॉस्पिटल, मग रात्रीचे किती का वाजलेले असेनात. त्या काळात सगळे मदतीला धावून आले. डबे आले, ऑफिसनं घरून काम करू दिलं, कुणाकुणाच्या आज्यांनी नवस बोलले.

त्यानंतर सुरू झाला 'मेंटेनन्स'. हे नाव ऐकून मला हसूच आलं होतं. आमच्या धंद्यात मेंटेनन्स प्रोजेक्ट कुणालाच नको असतो. इथे मात्र तीन वर्षांच्या ट्रीटमेंटमधला निम्म्याहून जास्त काळ तोच. रोजची गोळी, दर शुक्रवारी मेथोट्रेक्सेट, शनिवार-रविवार इन्फेक्शनचं औषध, मधूनमधून रक्ततपासणी आणि पाठीतली सुई. पण केस परत आलेत, गाल भरलेत, पोरगी शाळेत जातेय. आणि खरी पंचाईत इथेच आहे. गेल्या महिन्यात एका लग्नात एक काकू म्हणाल्या, "अरे, किती छान दिसतेय आता! अजून कशाला ती विषं देताय?"

काकूंच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण हा प्रश्न रात्री दोन वाजता मलाही पडतो, म्हणून उत्तर नीट शोधून ठेवलंय.

निदान होतं तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कॅन्सरच्या पेशी असू शकतात. त्यातल्या ९९ टक्के मारल्या तरी उरतात एक हजार कोटी! मायक्रोस्कोपखाली सगळं स्वच्छ दिसतं, मूल हसतंखेळतं. बग दिसेनासा झालाय, पण फिक्स झाला असं म्हणता येत नाही, तशातली गत. हे माणसाला फार महागात पडून कळलं. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातली १० सुधारली. ते औषध आलं होतं लेडर्ली कंपनीतून, जिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. मरणाच्या दारातली मुलं उठून खेळायला लागली... आणि काही महिन्यांत आजार उलटला. दिसेनासा होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हा धडा त्या मुलांनी शिकवलाय.

आमच्या गोळीचंही वय काही कमी नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती शोधली. १९५३ पासून वापरात आहे, म्हणजे माझ्या बाबांपेक्षा मोठी. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. लेकीला इंजेक्शनमधून मिळालेलं व्हिन्क्रिस्टीन तर आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून निघतं. (हे ऐकून आई लगेच काढा करायला निघाली होती. तिला हात जोडून थांबवलं. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम औषध निघतं, आणि झाड नुसतं खाल्लं तर विषारी.) गंमत म्हणजे औषधं बरीचशी तीच जुनी. साठच्या दशकात दहातलं जेमतेम एक मूल वाचायचं, आज श्रीमंत देशांत सुमारे नऊ वाचतात. मोठा फरक पडला तो औषधं एकत्र आणि दीर्घकाळ, न चुकवता दिल्यानं. स्मिता भाटिया आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका वाढलेला दिसला. ९५ टक्के म्हणजे वर्षात फक्त १८ चुका माफ. एवढी अटेन्डन्स मी इंजिनिअरिंगला कधी ठेवली नव्हती!

आता हे सगळं पाच वर्षांच्या मुलीला कसं सांगणार?

"मी बरी झालेय ना? मग का?" तिनं विचारलंच. बायकोनं तिला बाल्कनीतली कुंडी दाखवली. परवाच गवत उपटलं होतं, तरी दोन कोंब वर आले होते. "आत मुळं असतात. दिसत नाहीत." तिला पटलं. आवडलं नाही, पण पटलं.

गोळी गिळायला ती शिकली साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यावर. आधी एक दाणा, मग दोन, आणि हे सगळं आमच्या नर्सताईंच्या सल्ल्यानं. अर्धी करायची असेल तर मी हातमोजे घालून मोडतो. "घेणार का?" असं आम्ही विचारत नाही, कारण खरं तर तो प्रश्नच नाहीये. विचारतो, "पाणी की कोकम सरबत?" कधी ती रडते, पाय आपटते. मग बायको म्हणते, "नको वाटलं तरी चालेल. घ्यायची मात्र आहेच." घेतली की कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लेक स्वतः फुली मारते. माझी एक्सेल शीटही आहे, पण तिला घरात काडीची किंमत नाही. गोळी थांबवायची की कमी करायची हे रक्ताचे आकडे बघून डॉक्टर ठरवतात. आमचा मूड, पाहुणे, सण, तिचे अश्रू, यातलं काहीच ते ठरवत नाही.

एवढं करून आजार उलटणारच नाही का? तशी गॅरंटी कुणी दिलेली नाही. आपल्या हातात जेवढं आहे ते मात्र साडेआठला होतं, आणि झाल्यावर मला झोप बरी लागते.

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत असं मूल असेल तर एवढंच करा. सर्दी असेल तर येऊ नका. तुमच्या पोराला कांजिण्या आल्या असतील तर लगेच कळवा, आमच्यासाठी ती मोठी बातमी असते. "किती ब्रेव्ह आहात" वगैरे म्हणू नका, त्यावर काय बोलावं ते सुचत नाही. आणि मूल छान दिसायला लागल्यावरही डबा चालू ठेवा. आमची अजून ३८ आठवड्यांची फुल्या मारायची जागा रिकामी आहे, आणि पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून आणायचंय.