पेन्सिव्ह

सेमिनरीत दाखल झालो तेव्हा माझे इंग्रजी बेताचेच होते. मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेल्या आम्हा मुलांनी त्यावर एक तोडगा काढला होता : खिशातल्या छोट्या शब्दकोशातून रोज एक शब्द पाठ करायचा आणि लगेच कुठे तरी वापरून टाकायचा. एके दिवशी माझ्या वाट्याला ‘पेन्सिव्ह’ आला. अर्थ दिला होता, विचारमग्न. झाले! त्या आठवड्याच्या निबंधात मी लिहिले की, आमचा एक सोबती हरवलेली चप्पल शोधताना फार पेन्सिव्ह झाला होता. इंग्रजी शिकविणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंनी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि मला वर्गात उभे करून विचारले, “चपलेचे वजन किती होते?”

वर्ग हसला. मला काहीच उमगले नाही. मग त्यांनी फळ्यावर ‘पेन्देरे’ हे लॅटिन क्रियापद लिहिले. त्याचा अर्थ टांगणे आणि तोलणेही. त्यातून ‘पेन्सारे’, म्हणजे नीट तोलून पाहणे, आणि पुढे विचार करणे. हाच शब्द फ्रेंचमधून वाट काढीत 14 व्या शतकात ‘पेन्सिव्ह’ होऊन इंग्रजीत आला. पेन्शन याच कुळातली, कारण पूर्वी देणे चुकते करायचे तर धातू तोलून द्यावा लागे. आणि तोलून वाटून द्यायचे म्हणून डिस्पेन्सरीही त्याच घरची. आमच्या धर्मग्रामातील पेन्शनर मंडळींना हे सोयरेपण ऐकून गंमत वाटेल.

तेव्हा पेन्सिव्ह म्हणजे केवळ विचारात गढलेला नव्हे. गणित सोडविणाऱ्या मुलाला कुणी हा शब्द लावीत नाही. त्याच्या विचाराला टोक असते, उत्तर सापडले की तो संपतो. चहात साखरेऐवजी मीठ घालणारा माणूस ‘ॲब्सेंट-माइंडेड’ ठरतो. ‘रेव्हरी’ हे सुखाचे दिवास्वप्न, आपल्या तंद्रीच्या जवळचे. पेन्सिव्ह माणूस शांत असतो, नजर दूर कुठे तरी लागलेली असते आणि त्या शांततेवर खिन्नतेची छटा असते. पण छटाच! शोकाने कोसळलेल्याला हा शब्द लावला तर तो तोकडा पडतो. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सवरील कवितेत (ती 1807 साली प्रसिद्ध झाली) अखेरच्या कडव्यात कवीने रिकामे मन आणि पेन्सिव्ह मन शेजारी शेजारी ठेवली आहेत. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, हे त्याला ठाऊक असावे.

मराठीत याला नेमका प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. ‘विचारमग्न’मध्ये खिन्नता नाही, ‘उदास’मध्ये विचार नाही. मात्र कल्पना आपल्याला परकी नाही. चिंतन आणि चिंता ही एकाच धातूची लेकरे आहेत. आपणही शब्द तोलूनमापून बोलतो, आणि मनावरचे ओझे हा तर आपला रोजचाच शब्दप्रयोग. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ येऊन गेल्यावर पवित्र मरिया सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन करते. इंग्रजी बायबलच्या अनेक भाषांतरांत तेथे ‘पाँडर’ हे क्रियापद आहे. त्याच्याही मुळाशी वजनच आहे.

हे सारे ज्ञान पदरी असूनही मी एकदा चुकलो. वसईतल्या एका धर्मग्रामात असताना, संध्याकाळच्या मिस्सेनंतर एक वृद्ध गृहस्थ आवारातल्या क्रुसापाशी बाकावर बसलेले दिसत. दोन्ही हात काठीवर, नजर समोरच्या नारळांवर. सोबतच्या तरुण धर्मगुरूंना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “पेन्सिव्ह कशाला म्हणतात, ते पाहून घ्या.” बाबांच्या चिंतनात व्यत्यय नको म्हणून मी दबक्या पावलांनी पुढे जात असे. पुरा पावसाळा असाच गेला.

एके संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. “फादर, तुम्ही रोज बघता नि निघून जाता.”

मी ओशाळून शेजारी बसलो. मुलांना वाडी विकायची होती. कागद तयार होते, फक्त बाबांची सही राहिली होती. वाडीतल्या बावखलाच्या काठावरची केळी त्यांच्या पत्नीने लावलेली. ती जाऊन चार वर्षे झाली होती. थोरल्याच्या डोक्यावर कर्ज होते, धाकट्याला घर हवे होते. “पोरंही खोटं बोलत नाहीत हो,” ते म्हणाले. “सही करू की नको, सांगा.”

चिंतनावर मी वर्षानुवर्षे प्रवचने केली होती. त्या प्रश्नावर मला एक वाक्य सुचले नाही. पावसाळाभर हा माणूस दोन पारडी घेऊन एकटाच बसला होता आणि मी दुरून त्याला विशेषण लावून मोकळा झालो होतो. मी तसे सांगितले, म्हणजे शब्दाचे नव्हे, थांबून विचारायला हवे होते एवढेच. ते म्हणाले, “आता थांबलात ना.” अंधार पडेपर्यंत आम्ही तेथेच बसलो होतो. ते पत्नीविषयी बोलत राहिले, आणि वाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे त्यांनी अर्ध्या वाडीवर सही केली. बावखलाकडची बाजू ठेवली. त्यानंतरही ते बाकावर येत, पण काठी बाजूला टेकवून ठेवीत, आणि मला पाहिले की थोडे सरकून बसत.