डेलियाची वही

मोठा पिवळा डेलिया डिसेंबरच्या मध्यावर उमलला. रुंदी एक वीत आणि वर दोन बोटं. टॉवेलच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटल्यावर गल्लीतली माणसं थांबून बघून गेली. तरी माझं मत इथे लिहून ठेवतो: डेलियाची जात पहिल्या फुलावर जोखू नये. डिसेंबरात सोलापुरात कुठलाही डेलिया देखणाच दिसतो. तुलना करायची ती फेब्रुवारी सरताना. ऊन चढल्यावर कुणाची पानं ताठ राहतात, कुणाच्या कळ्या पूर्ण उघडतात, कुणाचा लाल रंग विटत नाही, हे तेव्हा कळतं.

*

डेलिया मूळचा मेक्सिकोचा, म्हणून नकाशा काढून बसलो होतो. मेक्सिको शहर १९ अंशांच्या थोडं वर, सोलापूर १८ च्या थोडं खाली. म्हणजे दिवसाची लांबी जवळजवळ सारखीच. फरक आहे तो उंचीचा. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर, आपण साडेचारशेच्या आसपास. डेलिया तिथल्या डोंगरपठारांचा रहिवासी. पावसात वाढायचं, पावसाळा सरताना फुलायचं, मग कोरड्या थंडीत जमिनीखाली कंद होऊन पडून राहायचं, हा त्याचा मूळचा क्रम. १७८९ मध्ये तो माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचला आणि तिथून जगभर पसरला. आपल्याकडे त्यानं क्रमच फिरवून घेतला: थंडीत फुलतो, उन्हाळ्यात निजतो. पुण्यामुंबईची माणसं सोलापूर म्हटलं की फक्त मे महिना आठवतात. त्यांना आमचा जानेवारी दाखवायला हवा.

*

उशिरा लावलेली कलमं खुजी राहिली आणि फुलांच्या मध्ये पिवळा डोळा उघडा पडला. कारण दिवसाच्या लांबीत आहे. दिवस बारा तासांच्या खाली गेला की झाड कंद भरायच्या मागे लागतं. दिवस फारच आखूड झाला तर फुलातल्या पाकळ्यांच्या ओळी कमी होतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणून झाडाचा सांगाडा दिवाळीआधीच उभा झालेला हवा. कलमं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लावावीत, गणपतीत वेळ मिळत नाही ही सबब चालत नाही.

*

आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक वेगळं छोटं फूलच असतं. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांचंही तेच, सगळे एकाच कुळातले. कॅक्टस जातीत ही पाकळी मागच्या बाजूला वळून सुईसारखी टोकदार होते, डेकोरेटिव्हमध्ये सपाट राहते, पाँपॉनमध्ये आत वळून नळीसारखी होते. माझ्या निरीक्षणात सपाट पाकळी दुपारच्या उन्हात आधी करपते. पाँपॉनची नळी टिकते. बाहेरच्या ओळी वाळल्या तरी गोळा मध्ये ताजा राहतो.

*

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "मोठ्याला एवढं कौतिक कशाला? माझा बारका जांभळा बघा की, संक्रांतीपासून रोज फुलतोय." खरंच आहे. मोठ्या फुलासाठी बाजूच्या कळ्या खुडाव्या लागतात, बगलेतली फूट काढावी लागते, एका फांदीवर एकच कळी ठेवायची. तेवढं करून फूल आठवडाभर चांगलं दिसतं. अक्का काही खुडत नाहीत. सुरुवातीला शेंडा मोडतात तेवढाच, आणि झाड चहूकडे फुटतं. प्रदर्शनासाठी माझी पद्धत, दारासाठी त्यांची. आमच्या रस्त्याला त्यांचीच शोभते.

*

टॉवेलच्या कारखान्यांकडून येणारे कापसाचे बारीक तंतू पानांवर बसतात, त्यावर धूळ. कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी लगेच वाढतो. पान आधी बारीक ठिपक्यांनी फिकं पडतं, मग जाळी दिसते. सकाळी पानांची मागची बाजू पाण्यानं धुणं हा पहिला उपाय. पाणी रोज येत नाही, म्हणून भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवायचं. साबणाचं मात्र मुळाशी ओतायचं नाही.

याच कारखान्यांकडून एक उपयोगाची गोष्टही मिळते: टॉवेलच्या कापलेल्या काठांच्या पट्ट्या. डेलियाचं खोड आतून पोकळ, सुतळीनं काचतं आणि वाऱ्यात तिथेच मोडतं. पट्टी मऊ आणि रुंद. काठीला इंग्रजी आठाच्या आकारात बांधायची.

*

पांढऱ्या डेलियाच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हा लोहाचा अभाव. मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण केलेल्या कुंड्यांत हा त्रास बराच कमी. लाल कॅक्टस दोन्ही मातींत सारखाच हिरवा आहे. त्याच्या नावापुढे खूण केली.

*

नाव म्हणजे काय, तर 'लाल कॅक्टस'. रोपवाटिकेत डेलिया रंगावरच विकला जातो. केल्विन फ्लडलाइटसारख्या जातीच्या नावाची एखादी पाटी दिसली तरी आत तेच आहे याची खात्री नाही. मला हे खटकतं. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, एकूण ६४ गुणसूत्रं. त्यामुळे बियांतून आईसारखं मूल जवळजवळ कधीच येत नाही. जात टिकते ती कंदातून किंवा कलमातून, आणि चिठ्ठी हरवली की जात हरवते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे कुंड्या नावासकट बघायला मिळतात. सोलापुरातही त्याच सुमाराला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, डेलिया भरात असतो. आपल्या गल्लीनंही एखाद्या रविवारी कुंड्या एका ओळीत मांडाव्यात, प्रत्येकीला पत्र्याची चिठ्ठी लावून. हे मी सगळ्यांना सांगतो आहे.

*

फेब्रुवारीची अखेर. मोठा पिवळा: पानं मलूल, कळ्या अर्ध्या उघडून थांबल्या. पांढरा: संपला. लाल कॅक्टस: फूल लहान झालं, रंग पक्का. अक्कांचा जांभळा: अजून फुलतो आहे.

*

झाड पिवळं पडलं की पाणी तोडायचं, वीतभर बुंधा ठेवून वरचं कापायचं. कुंडी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवायची, एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्रीसुद्धा तापलेली असते. कंद काढले तर कोरड्या वाळूत, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात. वेगळे करताना प्रत्येक कंदाला बुंध्याचा तुकडा आणि त्यावर डोळा हवा. नुसता गुबगुबीत कंद कधीच फुटत नाही. लाल कॅक्टसचे कंद अक्कांना द्यायचे, त्यांच्याकडून जांभळ्याचे घ्यायचे. पांढरा यंदा पुन्हा लावायचा, पण सकाळचंच ऊन लागेल अशा पूर्वेच्या कट्ट्यावर आणि तांबड्या मातीत.