आपाच्या निकाहची कॅसेट

कपाटाच्या तळाशी आपाच्या निकाहची कॅसेट सापडली, तेव्हा अम्मीने पहिलीच अट घातली, "दुकानात द्यायची नाही."

कारण उघड होतं. तीन तासांच्या त्या व्हीएचएस कॅसेटमधला निम्मा भाग जनान्यातला आहे. मामूंनी कुवेतहून रजेवर येताना कॅमेरा आणला होता. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्यावर ते एका बॅगेनिशी परतले. इथे राहिलेला कॅमेरा तेवढा वाचला. १९९२ मध्ये आपाच्या लग्नात पुरुषांकडचं शूटिंग त्यांनी केलं, बायकांच्या बाजूला मात्र कॅमेरा खालाच्या हाती दिला. हळद लावताना, गाणी म्हणताना, ओढणी घसरलेली असताना त्या बायका खालासमोर मोकळ्या होत्या. अनोळखी माणसाच्या संगणकावर आपली प्रत राहील, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

म्हणून सगळं घरीच करायचं ठरलं. मला वाटलं, एक यूएसबी कन्व्हर्टर घेतला की झालं. सगळ्यात स्वस्त होता तो मागवला आणि शेजाऱ्यांचा जुना व्हीसीआर जोडला. चित्र थरथरत होतं, मध्येच निळा पडदा येत होता. अर्ध्या तासाने पाहिलं तर काझीसाहेबांचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता.

चूक कुठे झाली ते हळूहळू कळलं. टेपवरून येणारा सिग्नल कधीच एकसारख्या वेगाने येत नाही. जुना टीव्ही ते चालवून घेतो, संगणक घेत नाही. लय बिघडली की तो फ्रेम गाळतो, आणि गाळलेल्या फ्रेम साठत गेल्या की आवाज आणि चित्र यांची फारकत होते. त्यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची लय सावरणारं यंत्र. काही चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. शिवाय अशा व्हीसीआरला एस-व्हिडिओची जागा असते. टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनची साधी वायर ते एकत्र करून पाठवते, एस-व्हिडिओ वेगळेच ठेवते. त्यामुळे कडा स्वच्छ दिसतात.

थोडक्यात, पैसे आधी व्हीसीआरवर घालायचे, कन्व्हर्टरवर नंतर. पण नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, तिथे तो धंदा संपला. मी जुन्या बाजारात हिंडून, पाल पद्धतीची टेप चालते याची खात्री करून, एक एस-व्हीएचएस व्हीसीआर घेतला. घेण्याआधी दुकानदाराला त्याच्याकडचीच एक टाकाऊ टेप लावायला सांगितली. जो टेप चावतो, तो कितीही स्वस्त असला तरी नको.

आमच्या कोकणातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका. टेप खराब होईलच, पण हेडला बुरशी लागली की पुढची चांगली कॅसेटही जाईल. आमची कॅसेट सुदैवाने स्वच्छ होती. आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवली. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. दर्जा जराही न घालवता दाबून साठवलं तरी तासाला तीसेक जीबी जागा जाते, म्हणून वेगळी हार्ड डिस्क घेतली.

शेवटच्या भागात रुखसतीची वेळ आहे. खाला रडत होती, कॅमेरा बंद करायला विसरली आणि तो मांडीवर तसाच चालू राहिला. त्या तिरक्या चित्रात दादी आहे. आपाच्या डोक्यावर हात ठेवून आयतुल कुर्सी पढते आणि हळूच फुंकर घालते.

दादीने आयुष्यात कधी हौसेने फोटो काढू दिला नाही. हजच्या पासपोर्टसाठी काढला, तोही नाइलाजाने. तिला तसवीर मान्य नव्हती. तिला जाऊन वीस वर्षं झाली.

अम्मीने तो भाग तीनदा पाहिला. मग डोळे पुसून म्हणाली, "चित्र झाक. आवाज राहू दे."

सगळ्यांना वाटायच्या प्रतीत मी तेच केलं. चाळीस सेकंद पडदा काळा राहतो आणि दादीचा आवाज येतो, ओठांच्या मागून नाही, अगदी वेळेवर. मूळ फाइल मात्र हार्ड डिस्कवर तशीच आहे. ती पुसायची की ठेवायची, हे एकटीने ठरवायची माझी हिंमत नाही. ईदला आपा येईल तेव्हा तिघी बसून ठरवू.