कडी

बाथरूमला आतून कडी लावावी की लावू नये, प्रश्न एवढासाच आहे, पण काही दिवसांपासून तो माझ्या मागे लागलाय.

भिंतीला कान असतात, असं आपण म्हणतो. कुडाच्या भिंतीला ते होतेच. अंगणातल्या न्हाणीत तांब्या पडला तरी चुलीपाशी बसलेल्या बाईला कळायचं. आता छतापर्यंत टाइल्स, नळ सोडलेला, पंखा घरघरतोय आणि बाहेर टीव्ही. या भिंतीला कान कुठून फुटणार? मुळात म्हणही तशी स्वार्थीच. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून ती बजावते; कुणी आत पडलं तर ते बाहेर कळावं, याची तिला फिकीर नाही.

बरं, कान असले म्हणजे भागतं का? इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० च्या सकाळी केन्सिंग्टन राजवाड्यात शौचाला बसला. बाहेर सेवक होता. आवाज ऐकून तो आत धावला, तर राजा जमिनीवर पडलेला. डॉ. फ्रँक निकोल्स यांनी शव उघडून पाहिलं, तेव्हा हृदयाचा उजवा कप्पा फाटलेला निघाला. म्हणजे कान होते, माणूस दाराशी होता, तरी काही करता आलं नाही. छाती दाबून बंद पडलेल्या हृदयाचं काम चालू ठेवता येतं, हे बाल्टिमोरच्या संशोधकांनी मांडलं ते १९६० साली, बरोबर दोनशे वर्षांनी. अर्थात फाटलेल्या हृदयाला त्याचाही उपयोग नव्हता.

मग दोष बाथरूमचा का? कुंथताना छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. हे खरं. पण कितीदा माणूस आधीच अस्वस्थ असतो, घाम फुटलेला असतो, आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणत तोच उठून तिकडे जातो. त्यानंतर हृदयाची लय बिघडून ते थांबलं, तर छाती दाबायला कुणी नसताना दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आमच्या नेरहून यवतमाळचं मेडिकल कॉलेज तीस-पस्तीस किलोमीटर. १०८ ला फोन करायचाच, पण गाडी येईपर्यंतची मिनिटं घरच्यांच्याच हातात असतात. छातीच्या मधोमध, जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं. पण त्याआधी आत तर जाता आलं पाहिजे.

म्हणून आईला म्हटलं, कडी लावत जाऊ नको. ती म्हणाली, “म्हातारी झाली म्हून का दार उघडं टाकून आंग धू?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. तिच्या पिढीतल्या बायकांनी अंधार पडायची वाट पाहत दिवस काढले. रस्त्यावर गाडीचा उजेड दिसला की बसलेल्या जागेवरून उठून उभं राहायचं. गाडगेबाबांनी आमच्या वऱ्हाडातली गावं झाडली, नंतर सरकारी योजना आल्या, पहाटे शिट्ट्या वाजवत गुड मॉर्निंग पथकं फिरली. तेव्हा कुठे घराला संडास आला आणि त्याच्या दाराला कडी. तिच्यासाठी ती कडी म्हणजे कुणीही हाक मारू नये अशी घरातली एकमेव जागा. मी तिच्या जिवाच्या काळजीने तीच काढून घ्यायला निघालो होतो. बरं, पूर्वी शेताच्या धुऱ्यावर कुणी कोसळलं तर लगेच कळायचं असंही नाही. उघड्यावर होतं म्हणून सुरक्षित होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं कुलूप मिळतं. ते बसवावं असं ठरत आलं होतं. मग लक्षात आलं, आमचं दार आत उघडतं. माणूस दाराला लागूनच पडला, तर कडी असो वा नसो, ते ढकलून उघडणार नाही. तुमचं दार कोणत्या बाजूला उघडतं, ते आज एकदा पाहून घ्या.