बसू द्या तिला

शेजारच्या वहिनींनी परवा त्यांची तांबडी कोंबडी गार पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत बुडवली, वर काढली, परत बुडवली आणि पेरूच्या बुंध्याला सुतळीने पाय बांधून ठेवली. "खुडूक झालीया. अंडी द्यायची सोडून नुसती बसून राहतीया," त्या म्हणाल्या. मनात दुष्टावा काहीच नव्हता. गावोगाव हेच करतात. कुणी नाकपुडीत पीस ओवतं, कुणी डाल्याखाली उपाशी कोंडतं. दुपारी सुतळी सुटली तशी ती भिजलेली कोंबडी अंगणात टाकलेल्या कण्यांकडे न बघता सरळ खुराड्यात शिरली आणि गवतावर बसली. खाली एक अंडं नव्हतं. तरी पिसं फुलवून, पंख किंचित पसरून, कुणाला तरी जपून झाकावं तशी. तेव्हापासून तिचा विचार डोक्यातून जात नाही.

दिवस वाढतात, हवेत ऊब येते, साठलेली अंडी पोटाला लागतात आणि काही कोंबड्यांच्या रक्तात प्रोलॅक्टिन चढतं. बाळंतिणीला दूध येतं तेही याच संप्रेरकामुळे. अंडी घालणं थांबतं. तुरा फिका पडतो. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागावी. दिवसातून एखाददा उठायचं, घाईघाईने चार दाणे, घोटभर पाणी, मातीत एक लोळण, आणि परत जागेवर. वजन घटत जातं. याला आपण आळस म्हणतो आणि पाण्यात बुडवतो.

पाटणच्या पुढे, कोयनेच्या अंगाला आमच्या आत्याचं घर होतं. तिथे कोंबडी खुडूक झाली की लगबग सुरू व्हायची. आत्या अंडी आधीपासून राखून ठेवायची, माठाखालच्या ओल्या वाळूत, टोकाची बाजू खाली करून. अंडं गार राहिलं तर आतला जीव वाढ थांबवून वाट बघतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्यापूर्वीचं अंडं आणि कालचं अंडं एकाच रात्री पोटाखाली गेली की दोन्हींचे दिवस तिथून मोजायचे. मला आजही यासमोर हात जोडावेसे वाटतात.

बांबूच्या जुन्या पाटीत तळाला चुलीतली राख, म्हणजे उवा होत नाहीत. त्यावर भाताचा पेंढा. पेंढ्यात एक कोळसा आणि एक लाल मिरची, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. विजेचं मला पटत नाही, पण ती मिरची काढायला मी कुणाला सांगणार नाही. अंडी अकरा नाहीतर तेरा, सम कधीच नाही. आणि कोंबडी बसवायची ती दिवेलागणीनंतरच. अंधारात ती बिचकत नाही. पोटाखाली काय आलं ते चोचीने एकदा चाचपते आणि जवळ ओढून घेते.

आठवडा झाला की आत्या मुठीत बॅटरी धरून एकेक अंडं उजेडावर बघायची. ज्यात जीव धरला त्यात लाल शिरांचा कोळी दिसायचा, मध्ये काळा ठिपका. जे नितळ दिसेल ते फुकट गेलेलं. अ‍ॅरिस्टॉटलनेही अंडी फोडून हेच बघितलं होतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास रक्ताचा एक ठिपका हलताना दिसतो आणि तेच काळीज, असं त्याने लिहून ठेवलंय. आत्या अंडं न फोडता बघायची. मला तिची पद्धत जास्त आवडते.

खरी रात्र विसाव्या दिवसाची. परातीत कोमट पाणी घेऊन आत्या एक अंडं त्यात अलगद सोडायची. पाणी ठरायचं. अंडं तरंगत असायचं आणि मग, कुणी बोट लावलेलं नसताना, ते हलायचं. थांबायचं. परत हलायचं. आम्ही पोरं श्वास धरून परातीभोवती. "घे, ऐक," म्हणत ती ते पुसून माझ्या कानाला लावायची. कवचाच्या आतून बारीक चिवचिव यायची. गुळगुळीत, कोमट कवच, आणि पलीकडे कुणीतरी बोलत होतं. अंडं परत पाटीत गेलं की कोंबडी घशातल्या घशात, खालच्या पट्टीत उत्तर द्यायची. आतली पिल्लं एकमेकांना ऐकतात, आईला ऐकतात. बाहेर येण्याआधीच तो आवाज त्यांच्या ओळखीचा झालेला असतो. त्यानंतर मी बरीच गाणी ऐकली, मैफिलींना बसलो, पण ऐकण्याची गोष्ट निघाली की मला ते अंडंच आठवतं.

एकविसाव्या दिवशी कवचाला टिचका पडायचा. पिल्लाच्या चोचीवर तेवढ्यापुरता एक कठीण कण असतो, त्याने ते आतून कवच फोडतं. मध्ये तासन्‌तास थांबतं. आमचे हात शिवशिवायचे आणि आत्या मनगट धरायची. "त्याचं त्याला येऊ दे." त्या वेळी आतल्या पापुद्र्यातलं रक्त अजून पिल्लात परतत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाई केली की रक्त येतं. तो बलक दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून मागाहून निघणाऱ्यांसाठी आई बसून राहू शकते. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं खोक्यातून लांबच्या गावी पोचतात तीसुद्धा याच शिदोरीवर.

मग शिकवणी. कोंबडी दाणा उचलते, टाकते, परत उचलते, टुक टुक टुक करत राहते. पिल्लं धावत येऊन चोच मारतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी १९९६ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका रंगाचं खाणं वाईट असतं हे कोंबड्यांना आधी शिकवलेलं. त्यांची पिल्लं त्याच रंगाचं खाणं खाताना दिसली की कोंबड्या जास्त उकरायच्या, जास्त टोचून दाखवायच्या. घार दिसली की एक लांब, बारीक सूर; मांजर आलं की वेगळा, तुटक कलकलाट. पिल्लं दोन्हींचे अर्थ काही दिवसांत शिकतात.

व्हाइट लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, आपली गावरान पन्नास ते ऐंशी. हा फरक पडण्यामागे निवडीने खुडूकपणा काढून टाकणं हेही एक मोठं कारण आहे. एवढ्या माणसांना अंडी पुरवायची तर उबवणीचं मशीन लागणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परसात चार कोंबड्या असणाऱ्या घराने तो हिशेब कशाला धरायचा? सगळ्याच जातींच्या कोंबड्या बसतात असं नाही, बसणारी कोंबडी मिळणं हे नशीब आहे. असील बसण्यात विशेष पक्की. कडकनाथ बहुधा बसतच नाही, त्याची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात.

तुमची कोंबडी खुडूक झाली तर तिला बादली दाखवू नका. ऐन उन्हाळा नसेल तर रात्री दहा-अकरा ताजी अंडी पोटाखाली सरकवा. अंगाने लहान असेल तर कमी. जागा मांजर-मुंगसाच्या तोंडाला लागणार नाही अशी, दाणा-पाणी हाताशी, आणि भिंतीवर कोळशाने तारीख. पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत मानमोडीच्या लशीचा थेंब जनावरांच्या दवाखान्यातून तेवढा घालून आणा.