सोळा घरांची फरशी

चित्रकलेंत ज्याला कधीं गति नव्हती अशा माणसानें पन्नाशी उलटल्यावर रंगपेटी उघडावी, हें आमच्या समाजांत अजून थोडें हास्यास्पदच मानलें जातें. त्यांतून ती रंगपेटी संगणकावरची असली आणि काढावयाचें चित्र सोळा घरें लांब व सोळा घरें रुंद एवढेंच असलें, तर घरचीं माणसें उघड हंसत नाहींत, पण चहा देतांना एकमेकांकडे पाहतात. गेलें वर्षभर आम्ही ह्या पाहण्याचे धनी झालों आहों. पिक्सेल-चित्र नांवाची ही कला आम्ही शिकत आहों, आणि तीही तिच्या अगदीं खालच्या पायरीवरची. नायकाचा चेहरा काढणें किंवा राक्षस रंगविणें हें आमचें काम नव्हे. तो नायक ज्यांच्यामधून चालत जातो तें गवत, ती माती, त्या भिंती आणि तीं कौलें एवढाच आमचा प्रांत.

निमित्त आमच्या पुतणीचें. ती पुण्यास शिकते, आणि दोन मित्रांच्या साह्यानें सुटीच्या दिवसांत संगणकावरील एक खेळ रचीत आहे. ह्या जातीच्या खेळांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका पत्करतो, गांवोगांव हिंडतो, भेटेल त्याच्याशीं बोलतो आणि हळूहळू एक लांबलचक कथा उलगडत नेतो. आमच्या पिढीनें कादंबरी वाचतांना जें मनांत केलें, तेंच ही पिढी बोटांनीं करते, इतकेंच. तिची कथा कोंकणांतल्या एका वाडींत घडते. कथा तयार झाली, पात्रें तयार झालीं, पण वाडी मिळेना. तयार देखाव्यांचे संच पुष्कळ आहेत. २०१२ सालीं ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ नांवाच्या स्पर्धेच्या निमित्तानें जमलेला संग्रह तर कोणासही वापरतां येतो. अट एवढीच कीं कर्त्याचें नांव द्यावें आणि आपण घातलेली भरही तशाच अटीवर इतरांस खुली ठेवावी. अट उदार आहे आणि चित्रेंही देखणीं आहेत. परंतु तिनें पाहिलेल्या संचांतलीं घरें युरोपांतल्या खेड्यांतलीं, बुरूज तिकडच्याच किल्ल्यांचे. जांभ्याची भिंत कोठें नाहीं, गडगा नाहीं, पोफळ नाहीं, तुळशीवृंदावन तर नाहींच नाहीं. “काका, तुम्ही त्या घरांत वाढलां, तुम्हीच काढा,” असें ती म्हणाली.

तें घर म्हणजे राजापूर तालुक्यांतलें आमचें वडिलोपार्जित घर. भावंडें चार, चौघांचे संसार चार शहरांत. २०२१ सालीं सर्वांच्या संमतीनें तें विकलें, आणि घेणारानें पुढच्या वर्षीं पावसाळ्यापूर्वीं पाडलें. त्यांत कोणाचा दोष नाहीं. पण पाडल्यावर ध्यानांत आलें कीं घराचें असें छायाचित्र आमच्यापाशीं एकही नाहीं. आहेत तीं मुंजींचीं, लग्नांचीं; त्यांत माणसें पुढें उभीं आणि घर त्यांच्या खांद्यांमागें. पुतणी त्या घरीं शेवटची गेली तेव्हां सहा वर्षांची होती. तेव्हां तिच्या मागणीस ‘नाहीं’ म्हणणें आम्हांस जड गेलें.

आतां ह्या विद्येविषयीं थोडें. संगणकाचा पडदा हा बुद्धिबळाच्या पटासारखा घरांचा असतो, आणि प्रत्येक घरांत एकच रंग भरतां येतो. तें घर म्हणजे पिक्सेल. देखावा काढतांना संपूर्ण चित्र कोणी काढीत नाहीं. लहान लहान चौकोन काढून तेच पुनःपुन्हां शेजारीं शेजारीं बसवितात. त्यांस ह्या धंद्यांत टाइल म्हणतात. आम्ही फरशी म्हणतों, कारण जुन्या मुंबईच्या चाळींतल्या नक्षीदार फरश्यांचें आणि ह्यांचें शास्त्र एकच आहे. ही रीत हौसेनें निघाली नाहीं, टंचाईनें निघाली. जपानांत १९८३ सालीं फॅमिकॉम नांवाचें खेळयंत्र विक्रीस आलें. त्याच्या पडद्यावर आडवीं २५६ व उभीं २४० घरें, म्हणजे एकूण ६१,४४०. एवढीं घरें एकेक करून लक्षांत ठेवण्याइतकी स्मृति त्या यंत्रास परवडणारी नव्हती. म्हणून आठ बाय आठच्या फरश्या करावयाच्या, एका फरशीस अवघे १६ बाइट, देखाव्यासाठीं एका वेळीं अशा २५६ फरश्या. आणि पडद्यावरील ९६० जागांपैकीं कोठें कितव्या क्रमांकाची फरशी बसवावयाची, एवढीच यादी ठेवावयाची. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्यें आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप ही एकच आकृति आहे, एक पांढरी रंगविली, दुसरी हिरवी. पुढच्याच वर्षीं निघालेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा तर समुद्र, डोंगर, वाळवंट, किल्ले आणि गांवें ह्यांसह ६४ किलोबाइटांत मावला होता. आजच्या फोनवर काढलेलें एक साधें छायाचित्रही त्याच्या अनेक पट जागा खातें. गरिबीच्या संसारांत जी एक नेटकेपणाची शोभा असते, ती त्या जुन्या खेळांत आम्हांस दिसली, आणि तेथून पुढें ही विद्या केवळ पुतणीसाठीं राहिली नाहीं.

पहिला धडा गवताचा. सोळा बाय सोळाच्या फरशींत घरें २५६. तीं सारीं एकाच हिरव्या रंगानें भरलीं तर अंगणाचें बिलियर्डचें टेबल होतें. म्हणून दोन छटांचीं पातीं काढावयाचीं. पण त्यांत एखादें पातें जरा उठून दिसलें, कीं फरशी शंभर वेळां मांडल्यावर तें पातें शंभर ठिकाणीं, सारख्या अंतरावर, पलटणीसारखें उभें राहतें. एकट्या फरशींत जें सुंदर, तेंच समुदायांत दोष ठरतें! चांगली गवताची फरशी ती, जी एकटी पाहिली असतां नीरस वाटेल. दुसरी अडचण शिवणीची. डावी कड उजव्या कडेशीं आणि वरची कड खालच्या कडेशीं मिळाली पाहिजे. त्यासाठीं एक जुनी युक्ति आहे: चित्र आडवें आणि उभें निम्म्यानें सरकवावयाचें, म्हणजे कडा मध्यभागीं येतात आणि शिवण डोळ्यांसमोर उघडी पडते, ती तेथें मिटवावयाची. मग पायवाट. तांबडी माती गवतास जेथें भिडते तेथें सरळ रेघ शोभत नाहीं. फरशीस कोपरे चार, प्रत्येक कोपऱ्यांत माती किंवा गवत. हिशेब केला तर सोळा प्रकार होतात, आणि ते सोळाही काढावे लागतात. त्यांत तिसरें शेत आणाल तर प्रकार एक्क्यायशीं. घरच्या मंडळींस आम्ही हें मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. चहा निवाला.

रंगांच्या बाबतींतही एक गोष्ट आम्हांस नवीन वाटली. सावली म्हणजे मूळ रंगांत काळें मिसळणें, ही आमची शाळेंतली समजूत ह्या कलेंत चालत नाहीं. सावलीकडे जातांना रंग किंचित् निळ्या-जांभळ्याकडे झुकवावा आणि उजेडाकडे येतांना पिवळ्याकडे, तर चारच छटांत भिंतीस ऊन लागतें. जांभ्यास हें फार मानवलें. त्याचा तांबूस-तपकिरी अंग, सांध्यांतली काळपट रेघ, वरच्या कडेचा नारिंगी उजेड आणि दगडाचीं छिद्रें दाखविणारे तीन-चार ठिपके, एवढ्यांत चिरा उभा राहतो. छपर त्याहून सोपें. मंगळूरला बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढल्यापासून आमच्या किनाऱ्यावर जीं कौलें आलीं, तीं सांच्यांतलीं, सारखींच. म्हणजे तें छपर प्रत्यक्षांतच फरश्यांचें होतें. गोठ्यावरचीं हातानें थापलेलीं नळीचीं कौलें मात्र कांहीं केल्या सांच्यांत बसेनात.

आणि येथेंच आमची खरी अडचण सुरू झाली. फरशीचें सारें शास्त्र सारखेपणावर उभें आहे. आठवण मात्र सारख्या वस्तूंना धरून राहत नाहीं. ओसरीच्या भिंतींत दोनशें चिरे असतील, पण ध्यानांत आहे तो एकच, ज्यावर आजोबा कात्रीस धार लावीत आणि जो मधें झिजून खोलगट झाला होता. हा चिरा काढावा तर त्याची फरशी वेगळी, आणि ती उभ्या खेळांत एकदांच वापरावयाची. फॅमिकॉमच्या काळांत हा चैनीचा खर्च ठरला असता. आजच्या यंत्रास त्याचें कांहींच वाटत नाहीं, तरीही अशा किती फरश्या कराव्या ह्याला मर्यादा हवी. नाहींतर खेळ बाजूस राहून आमचें वस्तुसंग्रहालय व्हावयाचें. पुतणीनें आम्हांस बारा दिल्या. बारा अपवाद, बाकी सर्व नियम.

ते बारा ठरवावयास आम्ही आईकडे गेलों. तिला ब्यायशीं वर्षें झालीं आहेत आणि दृष्टि बरीच अधू झाली आहे. पण दुसुतीवर फुलीच्या टांक्याचें भरतकाम तिनें आयुष्यभर केलें, त्यामुळें हें काय आहे हें तिला समजावून सांगावें लागलें नाहीं. पडदा मोठा करून दाखवितांच म्हणाली, “तिरपी रेघ चढवतांना घरें सारखीं ठेव. एक-एक तर एक-एक, दोन-दोन तर दोन-दोन. मधेंच तीन घेतलींस कीं पोपटाची मान मोडते.” हा नियम ह्या कलेवरील प्रत्येक पुस्तकांत पहिल्या कांहीं पानांत असतो; आमच्या घरांत तो साठ वर्षें उशांच्या अभ्र्यांवर होता.

अंगणांतून ओसरीवर चढावयाच्या पायऱ्या किती, ह्यावर आम्हां भावंडांत मतभेद. थोरला भाऊ पांच म्हणतो, बहीण सहा म्हणते आणि सहावर पैजही लावते. आईला विचारलें तर म्हणाली, “मोजल्या कोणी? पहांटे पाण्याला जातांना दिवा कुठें असायचा!” मग खुर्चींत बसल्या बसल्या तिनें डोळे मिटले आणि पाय एकामागून एक उचलून टेकवूं लागली. चार वेळां पाय सारखा उचलला. पांचव्या वेळीं अर्धाच. “शेवटची आखूड,” ती म्हणाली. “नवी माणसं तिथं हटकून ठेंचकाळायचीं.” थोरल्याच्या पांच खऱ्या, आणि जिला बहीण सहावी म्हणते तो बहुधा ओसरीचा उंबरा असावा. ही आखूड पायरी आठ घरें उंचीची झाली. ती आमच्या बारांतली पहिली.

पुतणीच्या मित्राचें म्हणणें पडलें कीं हा फरक खेळणाराच्या लक्षांतही येणार नाहीं. तें खरें असेल. येईल असा दावा आम्ही केला नाहीं. पण पुतणीनें त्या पायरीवर पात्राचा वेग एक क्षण कमी केला, आणि आईचा हात धरून बाणाच्या कळीवर ठेवला. आईस पात्र दिसत नव्हतें. पायऱ्यांचा आवाज मात्र ऐकूं येत होता. चार सारखे, मग एक उशिरा. ती दोनदां वर गेली, दोनदां खालीं आली, आणि म्हणाली, “आतां मागच्या दारीं ने.” मागचें दार तोंवर काढलेंच नव्हतें. तें नंतर पंधरा दिवस काढीत होतों.

सध्यां पोफळीशीं झटापट चालू आहे. तिचें खोड सोळांपैकीं दोनच घरें रुंद. एकांत उजेड, दुसऱ्यांत सावली, आणि मधें कांहीं उरतच नाहीं. शिवाय आषाढाचें दृश्य पुढच्या महिन्यांत हवें असा निरोप आहे. वाहतें पाणी दाखवावयाचें तर चार फरश्या एकामागून एक फिरवाव्या लागतात, आणि चौथीचा प्रवाह पहिलीस मिळावा लागतो. अंगणांतलें पाणी कोठें वाहत असे, हें आईस आधींच विचारून ठेवलें आहे. गोठ्याच्या अंगानें, ती म्हणाली, आणि तेथून गडग्याच्या भोंकांतून खालच्या आगरांत. गडग्याला भोंक पाडलें आहे. ती सातवी.