न घेतलेला घोट

पंच्याहत्तरीला टेकलेल्या आणि दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेल्या मास्तराने व्हिस्की गाळणाऱ्यावर लेख लिहावा, हे बऱ्याच जणांना विचित्र वाटेल. आमच्या घरात तर हा शब्दच वर्ज्य. तरीही गेली काही वर्षे एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. आज त्याच्यावर लिहून मोकळा होतो.

त्यांचं नाव एल्मर टी. ली. जन्म १९१९, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात ते बी-२९ बॉम्बफेकी विमानांवर रडार सांभाळत आणि जपानवरच्या मोहिमांत होते. युद्धाहून परतल्यावर केंटकी विद्यापीठातून इंजिनियर झाले आणि १९४९ साली फ्रँकफर्ट गावातल्या जुन्या डिस्टिलरीत नोकरी मागायला गेले. तिथले प्रमुख कर्नल अल्बर्ट ब्लँटन यांनी आज माणसं घ्यायची नाहीत असं तोंडावर सांगितलं. खिन्न होऊन ली निघाले, तर तिथल्याच एका वरिष्ठाने बाहेर गाठून सांगितलं, सोमवारी कामावर ये. ही हकीकत पुढे ली स्वतःच रंगवून सांगत. ते गेले आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९८५ पर्यंत, तिथेच राहिले. देखभालीचे इंजिनियर, मग प्लँटचे सुपरिटेंडंट, १९६९ साली प्लँट मॅनेजर आणि मास्टर डिस्टिलर.

गंमत पाहा, हे नोकरीला लागले त्याच १९४९ सालचा आपल्या मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा. तिकडे त्यांची देशव्यापी दारूबंदी १९२० ते १९३३ अशी होऊन गेली होती. त्या काळातही ही डिस्टिलरी बंद पडली नाही, कारण डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या 'औषधी' व्हिस्कीचा परवाना तिच्याकडे होता. आपल्याकडचं परमिट आठवलं ना? माणसाची जात सगळीकडे सारखीच!

२०१८ साली आम्ही लेकीकडे लेक्सिंग्टनला गेलो होतो. तिथून फ्रँकफर्ट अर्ध्या तासावर. जावई भीत भीत म्हणाले, "बाबा, जुना कारखाना म्हणून बघायला याल का?" सौ. साफ नाही म्हणाली. मी गेलो. नदीकाठी लाल विटांच्या जुन्या इमारती. आता तिचं नाव बफेलो ट्रेस. आत शिरताच आंबोणाचा वास आला, आणि लहानपणचा गोठा आठवला.

तिथे जे कळलं ते मास्तरकीच्या सवयीने वहीत टिपून घेतलं. बर्बन म्हणायचं तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा, आणि ती नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपात मुरायला हवी. बाकी धान्य साधारणपणे राय आणि मोड आणलेलं जव. भिजवलेल्या धान्यात आधीच्या घाण्याचा गाळून उरलेला आंबट भाग थोडा घालतात, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक घाणा मागच्यासारखाच उतरतो. मला विरजण आठवलं. काम तेच नव्हे, पण कालच्यातलं थोडं आजच्यात घालायचं, ही रीत तीच. गाळून निघते ती पाण्यासारखी पांढरी. तिला रंग येतो तो सगळा पिंपातून. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडाचा रंग आणि गोडवा घेऊन येते. एका पिंपात साधारण २०० लिटर मावते. त्यातली काही दरवर्षी हवेत उडून जाते. तिला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात.

मास्टर डिस्टिलरने या सगळ्यावर लक्ष ठेवायचं. धान्य कसं आहे, आंबवण नीट चाललंय का, कोणतं पिंप कोणत्या मजल्यावर ठेवायचं (वरच्या मजल्यावर उकाडा जास्त, तिथे ती लवकर मुरते), आणि कोणतं कधी फोडायचं. यातलं पुष्कळसं नाकाचं काम. वासावर परीक्षा, आणि चाखायचं तेही पाणी घालून, थेंबभर. ज्याला दिवसभरात पुष्कळ पिंपं पारखायची आहेत, त्याने पिऊन कसं चालेल?

ली यांचं मोठं काम १९८४ सालचं. त्या सुमारास अमेरिकेत बर्बनचे दिवस फिरले होते, तरुण मंडळी व्होडकाकडे वळली होती. एरवी पुष्कळ पिंपं एकत्र ओतून चव सारखी करतात. आपल्या वर्गाची सरासरी काढतो तसं. ली यांनी एकेक पिंप वेगळं बाटल्यांत भरून विकायचं ठरवलं. कर्नल ब्लँटन पाहुण्यांसाठी 'एच' नावाच्या पत्र्याच्या गोदामातून खास पिंपं निवडत, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ज्या माणसाने नोकरी नाकारली, त्याचंच नाव त्यांनी या व्हिस्कीला दिलं. 'ब्लँटन्स'ची कदर सगळ्यात आधी ज्यांनी केली त्यांत जपानी लोक होते. ज्या देशावर तरुणपणी बॉम्ब टाकायला गेले, त्याच देशाने म्हातारपणी त्यांच्या हातच्या कामाला मान दिला. कादंबरीत लिहिलं तर कोणी खरं मानणार नाही.

निवृत्तीनंतरही ली दर मंगळवारी डिस्टिलरीत जात. २०१३ साली, ९३ व्या वर्षी गेले, तोवर.

आता दुसरी बाजू. ती न लिहिता हा लेख छापला तर माझ्याच घरात मला तोंड दाखवता येणार नाही.

माझा धाकटा भाऊ बाळ. वायरमन होता. हात असा की जळलेली मोटर उघडायच्या आधी नुसत्या वासावरून दोष सांगायचा. तो दारूने गेला, १९९१ साली, सदतिसाव्या वर्षी. आधी शनिवारी, मग रोज, मग सकाळी उठल्यावरसुद्धा. शेवटी कावीळ झाली, पोटात पाणी झालं. वहिनीने लोकांकडे पोळ्या लाटून दोन मुलं वाढवली. त्यातला थोरला आज हे वाचतो आहे. त्याला विचारूनच लिहितोय.

डिस्टिलरी बघून झाल्यावर सगळ्यांना चवीला एकेक घोट देतात. माझ्यासमोरही पेला आला. मी वास घेतला. खोटं का सांगू, वास चांगला होता, गूळ आणि जळकं लाकूड असा काहीसा. पेला तसाच ठेवला. रात्री सौ.ला सांगत होतो, किती वर्षे थांबतात, किती निगुतीने करतात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठ वर्षे मुरलेली असो की हातभट्टीची, लिव्हरला त्यातलं काही कळत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चांगली दारू आणि वाईट दारू असा भेद करून मी सुटू शकत नाही. बाळ गुत्त्यावरची प्यायचा हे खरं, पण ब्लँटन्स परवडली असती तर तीही तितकीच प्यायला असता. आणि तरीही, छत्तीस वर्षे एका जागी एक काम शिकत राहिलेला, नाकारणाऱ्या साहेबाचं नाव बाटलीवर लिहिणारा तो म्हातारा मला आपला वाटतो. शाळेत असे दोन-तीनच भेटले. माल काय आहे ते बाजूला ठेवलं, तर माझ्या विद्यार्थ्यांनी काम असं करावं असंच मी सांगेन. पण माल बाजूला ठेवता येत नाही, ही अडचण.

लेख पाठवण्याआधी पुतण्याला फोनवर वाचून दाखवला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, त्या माणसाबद्दल चांगलं लिहिलंय ते राहू द्या. फक्त बाबांच्या हाताला कला होती, ते काढू नका."

नाही काढलं. दोघांच्याही हाताला कला होती आणि दोघांचंही नाक तयार होतं. एक दारू पारखत त्र्याण्णव वर्षे जगला, एकाला तिने सदतीसमध्ये संपवलं. यातून तात्पर्य काढायला मी शाळेत असतो तर मुलांना सांगितलं असतं. इथे काढत नाही. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.